घर, कचेरी आणि तिसरी खोली

इतिहासाच्या व्याख्यानात 'को-वर्किंग' हा शब्द आला की आमच्या वयाच्या श्रोत्यांच्या कपाळावर आठी पडते, हे आम्हांला ठाऊक आहे. ताम्रपट नाही, बखर नाही, शकावली नाही, मग इतिहास कसला? पण नाव नवं म्हणून गोष्टही नवी असते असं नाही. आज आपण तेच तपासणार आहोत, आणि त्यासाठी कर्वेनगराइतकी योग्य जागा दुसरी नाही. का, ते पुढे येईलच.

ज्यांनी ही जागा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. एखाद्या इमारतीत दुकानांच्या वरचा मजला, किंवा जुन्या बंगल्याचा तळमजला. आत टेबलं, बऱ्या खुर्च्या, वायफाय, वीज गेली तर इन्व्हर्टर, कोपऱ्यात चहा-कॉफी, आणि फोनवर बोलायला काचेच्या एक-दोन खोल्या. बसलेली माणसं एका कंपनीची नसतात. एकीचं ऑफिस बंगळुरात, दुसऱ्याचं जर्मनीत, तिसरा भाषांतरं करतो, चौथी स्वतःचा छोटा व्यवसाय चालवते. दिवसाचे किंवा महिन्याचे पैसे भरायचे आणि बसायचं. थोडक्यात, दूरच्या मालकाचं काम करणाऱ्यांसाठी जवळची भाड्याची बैठक.

आता प्रश्न असा, की यांतल्या बहुतेकांच्या घरी टेबल आहे, वायफाय आहे, चहा तर फुकटच आहे. मग ही मंडळी पैसे मोजून इथे का येतात? आम्ही काही जणांना सहज विचारलं. आधी सगळे खुर्ची आणि इंटरनेटबद्दल बोलले. जरा वेळ बसलो तेव्हा दुसरी उत्तरं आली. "इथे मला कोणी मध्येच हाक मारत नाही." "इथून उठून घरी गेलं की काम संपलं असं वाटतं." आणि एका मुलीने सांगितलं ते आम्हांला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. ती म्हणाली, "समोरचा काम करत असला की माझंही होतं. तो काय करतो ते मला माहीतसुद्धा नाही."

हे शेवटचं वाक्य नीट पाहू या. तिला मदत नको आहे, देखरेख नको आहे, गप्पाही फारशा नको आहेत. फक्त दुसरं माणूस काम करताना शेजारी हवं आहे. ही गरज कुठून आली आणि पूर्वी ती कोणी भागवली, हाच आजचा विषय.

सुरुवात घरापासून करू. घरून काम ही काही संगणकाने आणलेली गोष्ट नाही. कारखाना येण्याआधी बहुतेक काम घरातच होत असे. येवल्याच्या, पैठणच्या विणकराचा माग घरात, सोनाराची बागेसरी पुढच्या खोलीत, कुंभाराचं चाक अंगणात. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांतही खाली दुकान किंवा पेढी आणि वर बिऱ्हाड ही रीत होतीच. तेव्हा 'ऑफिसला जाणं' हाच इतिहासातला अपवाद आहे, घरी काम करणं नव्हे.

पण म्हणून जुनं ते सोनं असं समजायचं कारण नाही. सोलापूरच्या, सिन्नरच्या विडी कामगार बायकांकडे पाहा. पानं आणि तंबाखू घेऊन यायची, घरी बसून विड्या वळायच्या, मोजून परत द्यायच्या, हजारी दराने मजुरी घ्यायची. यात मालकाची जागेची, दिव्याची, पाण्याची जबाबदारी संपली. आणि काम करणारी एकेकटी पडली. शेजारणीच्या किती विड्या नापास केल्या, तिला काय दर मिळाला, हे कळायचं ते माल द्यायला रांगेत उभं राहिल्यावर. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला, त्यात घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानलं गेलं. ही मोठी गोष्ट होती. घरात बसलेला कामगार कायद्याला दिसावा यासाठी तो स्वतंत्रपणे लिहावा लागला. म्हणजे घरातलं काम पटकन अदृश्य होतं, हा पहिला धडा.

दुसरा धडा घराच्या आतला आहे. रमाबाई रानड्यांच्या आठवणी आपल्यापैकी अनेकांनी वाचल्या असतील. त्या १९१० साली प्रसिद्ध झाल्या. न्यायमूर्ती रानडे स्वतः पत्नीला शिकवत होते. म्हणजे घरचा कर्ता पुरुष अनुकूल, पुस्तकं हाताशी, शिक्षक तर असा की ज्याच्याकडे अख्खा महाराष्ट्र शिकायला जाई. तरी रमाबाईंना अभ्यास सोपा गेला नाही, कारण घरातल्या मोठ्या बायकांचे टोमणे आणि विरोध चालूच असे. मुद्दा त्या बायका दुष्ट होत्या असा नाही. घरात प्रत्येकाचा प्रत्येकावर हक्क असतो. सून पुस्तक घेऊन बसली तर तो वेळ कोणाच्या तरी हक्कातून कापला जातो. घराचं प्रेम आणि घराचा हक्क वेगळे काढता येत नाहीत.

आता कर्वेनगराकडे येऊ. धोंडो केशव कर्वे १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला पुण्यात आले. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. १९०० साली तो शहराबाहेर हिंगणे गावात आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तिथे जमीन दिली आणि एका झोपडीपुरते पैसे दिले. ही झोपडी म्हणजे आजच्या कर्वेनगराचा आरंभ. हिंगणे बुद्रुक हे गाव पुढे अण्णांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. कॉलेजचे तास आटोपले की अण्णा पायी हिंगण्याला येत, आणि रस्ता तेव्हा काही डांबरी नव्हता.

आश्रम म्हणजे को-वर्किंग, असं आम्ही म्हणत नाही. तसं म्हणणं हा त्या बायकांच्या दुःखाचा अपमान होईल. केशवपन झालेली, कोपऱ्यात टाकलेली मुलगी आणि लॅपटॉप घेऊन बसलेला अभियंता यांची तुलना होऊ शकत नाही. पण अण्णांनी ओळखलेली एक गोष्ट आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. या मुलींना घरी शिक्षक पाठवून भागणार नव्हतं. पार्वतीबाई आठवले आश्रमात शिकल्या, मग आश्रमासाठी गावोगाव फिरल्या, पुढे अमेरिकेलाही जाऊन आल्या. हे माहेरच्या किंवा सासरच्या माजघरातून झालं असतं असं वाटत नाही. त्यांना हवी होती अशी जागा, जिथे शेजारी बसलेली दुसरी बाईही शिकते आहे आणि पुस्तक हातात धरण्यात लपवण्यासारखं काही नाही. पुढे १९१६ साली महिला विद्यापीठाचा प्रारंभ झाला, आणि १९९१ साली याच संस्थेचं कमिन्स कॉलेज, मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय, कर्वेनगरात उभं राहिलं. तिथून बाहेर पडणाऱ्या मुली आज दूरच्या कंपन्यांची कामं करतात, आणि लग्नानंतर त्यांतली एखादी जवळच्याच दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जिन्याच्या पायरीवर बसून मीटिंग घेते. आमच्या सोसायटीत हे दृश्य आम्ही पाहिलेलं आहे. आत सासऱ्यांचा टीव्ही आणि मुलाची ऑनलाइन शिकवणी. सगळी माणसं चांगली, पण जागा नाही.

पुण्याने अशा जागा आणखीही निर्माण केल्या होत्या. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं. त्याच वर्षी, त्याच बुधवार पेठेत जोतिराव फुल्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. एक जागा वाचणाऱ्यांची, दुसरी ज्यांना वाचूच दिलं जात नव्हतं त्यांची. मुंबईत त्याच सुमारास, १८४७ साली, सरकारी टांकसाळीतल्या आणि गोदीतल्या तरुण कारागिरांनी एक संस्था काढली. तिची इमारत १८७० साली झाली, आणि आज ती डेव्हिड ससून ग्रंथालय म्हणून ओळखली जाते. तिथे आजही माणसं पुस्तकासाठी जातात त्याहून अधिक शांत टेबलासाठी जातात.

पण आमच्या मते आजच्या को-वर्किंगच्या सर्वांत जवळचं उदाहरण म्हणजे भारत इतिहास संशोधक मंडळ, स्थापना १९१०. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी ते काढलं. तिथे जमणाऱ्यांपैकी बहुतेकांना संशोधनाचा पगार नव्हता. कोणी शिक्षक, कोणी वकील, कोणी नुसताच वेडा. प्रत्येकाचं दप्तर वेगळं. एक पेशव्यांचा जमाखर्च लावतोय, दुसरा एखाद्या घराण्याच्या सनदा वाचतोय. एकाच्या कामाचा दुसऱ्याशी संबंध असेलच असं नाही. मात्र मोडीतलं एखादं अक्षर अडलं तर शेजारी विचारता येई. आणि ठरावीक दिवशी पाक्षिक सभा. त्यात आपलं टिपण वाचायचं आणि टीका ऐकायची. ना मालक, ना हजेरीपट, पण सभेची तारीख जवळ आली की काम आपोआप पुरं होई.

आता जरा बाहेरच्या जगात डोकावू. 'टेलिकम्युटिंग' हा शब्द जॅक नाइल्स या अमेरिकन अभियंत्याने १९७३ साली रूढ केला. लोकांना वाटतं, त्याने घरून काम करण्याची कल्पना मांडली. पण त्याच्या सुरुवातीच्या प्रयोगात, लॉस एंजेलिसच्या एका विमा कंपनीतल्या लोकांना घरी बसवलेलं नव्हतं. त्यांच्या घरांजवळ छोटी उपकार्यालयं उघडली होती. म्हणजे ज्याने दूरस्थ काम हा शब्द दिला त्याच्या डोळ्यांसमोर घर नव्हतं, घराजवळची खोली होती. ही खोली पुढे विस्मरणात गेली आणि 'घरून काम' तेवढं लक्षात राहिलं.

२००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रॅमरने आठवड्यातून दोन दिवस एक जागा भाड्याने घेऊन काही टेबलं मांडली. नोकरी केली तर सोबत मिळते पण स्वातंत्र्य जातं, एकट्याने काम केलं तर स्वातंत्र्य मिळतं पण सोबत जाते, आणि त्याला दोन्ही हवं होतं. पहिला महिनाभर त्याच्याकडे कोणी फिरकलं नाही. आज तीच कल्पना जगभर पसरली आहे. आपल्याकडे २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि एका रात्रीत लाखो घरांची ऑफिसं झाली. टाळेबंदी उठली तेव्हा पुष्कळांच्या लक्षात आलं की हिंजवडीच्या वाहतुकीत परत अडकायचं नाही, आणि घरातही अडकायचं नाही. मग तिसरी खोली शोधायची वेळ आली.

इथे आम्ही आमच्या मूळ विषयाकडे, तत्त्वज्ञानाकडे वळतो. घाबरू नका, थोडंच आहे. काम करणाऱ्यावर पडणारी नजर तीन प्रकारची असते असं आम्हांला वाटतं.

पहिली पहारेकऱ्याची. बेंथमचा पॅनॉप्टिकॉन आपण तुरुंगाचा नकाशा म्हणून ओळखतो. मधे मनोरा, भोवती कोठड्या, आणि मनोऱ्यातला माणूस आपल्याला पाहतोय की नाही हे कैद्याला कळत नाही. पण ही कल्पना मुळात बेंथमच्या भावाची, सॅम्युएलची, आणि ती १७८०च्या दशकात रशियात त्याला सुचली ती कामगारांवर देखरेख ठेवण्यासाठी. म्हणजे तो नकाशा आधी कामाच्या जागेचा होता, तुरुंगाचा मागाहून झाला. आज काही कंपन्या घरी बसलेल्या माणसाच्या संगणकावर अशी प्रणाली बसवतात की माउस किती वेळ हलला नाही हेही तिथे दिसतं. मनोरा थेट आपल्या स्वयंपाकघराशेजारी आला.

दुसरी नजर हक्कदाराची. ती घरातली. तिच्यात माया आहे, पण ती काम पाहत नाही, माणूस मोकळा आहे की नाही एवढंच पाहते. "तू घरीच आहेस ना, मग जरा गॅस बंद कर." या वाक्यातला 'घरीच' फार जड असतो. आणि तो पुरुषापेक्षा बाईला अधिक वेळा ऐकावा लागतो.

तिसरी नजर साक्षीदाराची. आपल्या दर्शनांत या शब्दावर फार विचार झाला आहे. ईश्वरकृष्ण सांख्यकारिकेत पुरुषाची लक्षणं सांगतो तेव्हा साक्षित्व आणि माध्यस्थ्य ही दोन्ही एकाच ठिकाणी सांगतो. साक्षी तोच, जो पाहतो पण बाजू घेत नाही, ढवळाढवळ करत नाही. सांख्यांच्या मते सगळं काम प्रकृती करते, पुरुष काहीही करत नाही, तो फक्त सन्निध असतो. पण त्या सान्निध्यावाचून प्रकृतीही हलत नाही. आता हे सृष्टीबद्दल खरं आहे की नाही हा वाद बाजूला ठेवू, त्याला अडीच हजार वर्षं कमी पडली आहेत. पण समोरच्या टेबलावर कोणी बसलेलं असलं की माझं काम होतं, असं ती मुलगी म्हणाली तेव्हा ती जवळपास सांख्यांचीच भाषा बोलत होती. फरक एवढाच की इथे प्रत्येक जण स्वतःपुरता कर्ता आणि शेजाऱ्यापुरता साक्षी असतो.

२०१५ साली ग्रेचेन स्प्राइट्झर या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधिकेने दोन सहकाऱ्यांसह अशा जागांतल्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपण कामात किती फुलतो, असं विचारल्यावर त्या लोकांनी सातपैकी सरासरी सहाच्या जवळपास गुण दिले. त्यांनी कारणं अशी दिली : शेजारच्याशी स्पर्धा नाही, म्हणून मुखवटा लागत नाही. कधी यायचं, कधी जायचं हे आपल्या हाती. आणि तरी रोजच्या येण्याजाण्याने दिवसाला आकार येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर पहारेकरी नाही, हक्कदार नाही, आणि साक्षीदार आहे. खुर्ची आणि वायफाय या अटी आहेत. त्यांच्यावाचून चालत नाही, पण माणूस त्यांच्यासाठी येत नाही.

आता यातला कळीचा मुद्दा. नगर वाचन मंदिर, हिंगण्याचा आश्रम, संशोधक मंडळ या जागा वर्गणीवर, देणगीवर, लोकांच्या पायपिटीवर उभ्या राहिल्या. अशी जागा ही समाजाची जबाबदारी आहे, असं कोणाला तरी वाटलं होतं. आजची तिसरी खोली विकत मिळते. ज्याचा पगार परदेशी चलनात येतो त्याला महिन्याचे काही हजार जड नाहीत. पण ज्या बाईला मूल झाल्यावर अर्धवेळ काम मिळालं आहे, जी तुकड्यावर डेटा भरते किंवा शिकवण्या घेते, तिची सगळी कमाई त्या टेबलातच जाईल. म्हणजे जिच्या घरात जागा सर्वांत कमी, तिलाच ही खोली परवडत नाही. मग ती पुन्हा विडी वळणाऱ्या बाईच्या जागी येते. एकटी, अदृश्य, आणि शेजारणीला काय दर मिळतो हे ठाऊक नसलेली.

यावर उपाय अगदी अशक्य आहेत असं नाही. सदाशिव पेठेत, नवी पेठेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका आहेत. गावाकडून आलेला मुलगा कॉट बेसिसच्या खोलीत झोपतो, मेसचा डबा खातो आणि दिवसभर त्या ठरलेल्या नंबरच्या खुर्चीवर असतो. त्याला विचारा खोलीत का अभ्यास होत नाही, तो आपल्या मुलीसारखंच उत्तर देईल. काही नगरसेवकांनी, मंडळांनी, देवस्थानांनी अशा अभ्यासिका नाममात्र शुल्कात चालवल्या आहेत. म्हणजे शिकणाऱ्याला अशी जागा द्यावी हे आपल्याला पटलेलं आहे. काम करणाऱ्याला द्यावी, हे अजून पटायचं आहे.

आमच्या पिढीतल्या मंडळींना एक थेट सांगणं आहे, कारण सोसायट्यांच्या कमिट्यांवर आपणच बसलेलो असतो. सोसायटीचा हॉल वर्षातून किती दिवस वापरात असतो? गणपती, एखादं हळदीकुंकू, वार्षिक सभा. उरलेले दिवस कुलूप. तो हॉल सकाळी दहा ते सहा उघडा, चार टेबलं मांडा, वायफायची सोय करा, एक पाण्याचं पिंप ठेवा. वीजबिलापुरती वर्गणी घ्या. नियम दोनच पुरेत : फोन बाहेर, आणि कोणी कोणाला काम काय करतोस म्हणून खोदून विचारायचं नाही. दुसरा नियम आपल्याला पाळायला अवघड जाईल, पण साक्षीदार व्हायचं तर तो पाळावा लागेल.

आणि जिन्यात बसून मीटिंग घेणाऱ्या त्या मुलीला तिथे पहिलं टेबल द्या. ज्या भागाचं नाव कर्वेनगर आहे, तिथे एवढं व्हायला हरकत नसावी.

इथे थांबतो. आता प्रश्न विचारा.